इष्टुर फाकडा आणि वडगावची फसलेली मोहीम

वडगाव मावळच्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका इंग्रज कप्तानाची समाधी आहे. ज्या फौजेच्या आघाडीला राहून तो पुणे सर करण्यासाठी बोरघाट चढून आला, ती फौज त्याच्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत याच गावात चहूकडून कोंडली गेली आणि तहाची याचना करून, जीव वाचवून मुंबईला परत गेली. पण या कप्तानाला मावळच्या लोकांनी जाऊ दिले नाही. स्ट्युअर्ट या त्याच्या आडनावाचा त्यांनी ‘इष्टुर’ केला, मानाजी शिंद्यांसारख्या निधड्या सरदाराला पेशवाईत जे बिरुद मिळाले होते तेच ‘फाकडा’ हे बिरुद त्याच्या नावाला जोडले, आणि ज्याच्या फौजेपायी आपल्या वाडवडिलांना गावे ओस टाकून डोंगर गाठावा लागला त्याच शत्रूच्या समाधीपुढे हात जोडण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली.

या मोहिमेचा नाद ज्याला एकदा जडला त्याचा तो सहसा सुटत नाही. वडगावात महादजी शिंद्यांचे स्मारक आहे, जानेवारीत तेथे विजयाचे स्मरण होते. परंतु मी ज्या नादाविषयी लिहितो आहे तो समारंभांहून निराळा आणि पुष्कळसा एकांतातला आहे. इंग्रजांचे रोजचे मुक्काम नकाशावर मांडून पाहणारे, ग्रँट डफचा इतिहास आणि मराठी कागद शेजारी शेजारी ठेवून एकाच दिवसाच्या दोन हकिकती पडताळणारे, पौषातल्या थंडीत तळेगाव ते वडगाव ही वाट पायी चालून पिछाडीची पलटण नेमकी कोणत्या उंचवट्यावर उभी राहिली असेल यावर तावातावाने वाद घालणारे लोक मावळात आहेत, आणि मीही त्यांतलाच एक आहे. आमचे उर्से गाव त्या वाटेवरचे नव्हे. मोहीम इंद्रायणीच्या खोऱ्याने आली आणि आम्ही पवनेकाठचे. तरी मधली खिंड ओलांडली की तळेगाव, आणि जानेवारीच्या त्या आठवड्यात तळेगाव पेटले तेव्हा धुराचे लोट आमच्या शिवारातून दिसले नसतील असे मला वाटत नाही. आज द्रुतगती मार्गावरचा उर्सेचा टोलनाका मुंबई-पुण्याच्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. खंडाळ्याचा घाट चढून आलेली मोटार अर्ध्यापाऊण तासात तेथे येऊन उभी राहते. कंपनी सरकारच्या फौजेला मात्र खंडाळ्याहून तळेगाव गाठायला २३ डिसेंबर १७७८ पासून ९ जानेवारी १७७९ पर्यंतचा अवधी लागला. तिच्या साऱ्या दुर्दैवाचे बीज या संथपणात आहे, आणि तो संथपणा कोठून आला हे उलगडण्यातच या नादाची खरी गोडी आहे.

फसलेल्या मोहिमेमागे असे झुरणे जगात इतरत्रही आढळते. १८४५ च्या मे महिन्यात सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन उत्तर ध्रुवाकडील बर्फातून पॅसिफिक महासागराची वाट शोधावयास निघाला आणि १२९ माणसांसह नाहीसा झाला. त्याच्या शोधासाठी पथकांमागून पथके गेली. १८५९ मध्ये मॅक्लिंटॉकच्या पथकाला बर्फावरून ओढीत न्यावयाच्या घसरगाडीवर चढविलेली एक अवजड होडी सापडली, आणि तिच्यात दोन सांगाड्यांशेजारी चांदीचे चमचे, पुस्तके, चहा असे सामान रचून ठेवलेले निघाले. उपासमारीने मरू घातलेल्या माणसांनी हे ओझे का ओढावे, हा प्रश्न इंग्लंडला दीडशे वर्षे सतावीत राहिला. त्या प्रदेशातले मूळ रहिवासी, इन्युइट लोक, काय घडले ते आरंभापासून सांगत होते. १८५४ मध्ये जॉन रे याने त्यांची साक्ष इंग्लंडला नेली तेव्हा तेथील मोठमोठ्या माणसांनी ती धुडकावली. आणि २०१४ व २०१६ मध्ये ती दोन्ही जहाजे समुद्रतळाशी सापडली तेव्हा इन्युइटांच्या कथांतले ठिकाणांचे निर्देश किती खरे होते याची प्रचीती आली. मोहीम एकाची, भूमी दुसऱ्याची आणि स्मृती त्या भूमीवाल्यांची, हा प्रकार मावळच्या माणसाला चटकन ओळखीचा वाटतो. सामानाच्या भाराखाली चिरडलेली मोहीमही त्याला तितकीच ओळखीची वाटेल.

या मोहिमेचे मूळ शनिवारवाड्यात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर आलेल्या रघुनाथराव ऊर्फ दादासाहेबांविरुद्ध सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी कारभारी एक झाले. १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर नारायणरावांच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा, जन्म झाला आणि दादासाहेबांचा हक्क संपला. परागंदा झालेल्या दादासाहेबांनी १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि साष्टी-वसईच्या मोबदल्यात त्यांची फौज मागितली. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा व्यवहार मान्य झाला नाही; त्यांनी कर्नल अप्टनला वकील म्हणून पाठवून १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह केला. मुंबईकरांनी तो तह मनापासून कधीच पाळला नाही. पुण्याच्या दरबारी सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच येऊन राहिल्याचे निमित्त, मोरोबा फडणिसांच्या पक्षाने दादासाहेबांना परत आणण्यासाठी केलेली मसलत, आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याची पुण्यात आपल्या कह्यातला पेशवा बसविण्याची उत्कंठा, यांतून १७७८ च्या हिवाळ्यातली स्वारी ठरली. स्वारी निघण्यापूर्वीच मोरोबा कैदेत पडला होता; ज्यांच्या भरवशावर मसलत रचली ते साहाय्यकच उरले नव्हते. कर्नल गॉडर्डच्या हाताखाली बंगालची मोठी फौज हिंदुस्थानच्या मध्यातून पश्चिमेकडे वाटचाल करीत होती. तिची वाट पाहण्याइतकाही धीर मुंबईकरांना राहिला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस फौज मुंबईहून निघून पनवेलीस उतरली. सारी मिळून सुमारे ३,९०० माणसे, त्यांत गोरे सहाशेच्या आतबाहेर, बाकी देशी शिपाई आणि तोफांवरचे लोक. आणि या फौजेचे तोफा-दारूगोळा-धान्य वाहण्यासाठी एकोणीस हजारांवर बैल. हा आकडा वाचताना मी दर वेळी थांबतो. एका लढवय्यामागे चार-पाच बैल. त्या बैलांना चारा, त्यांना हाकणारी माणसे, त्या माणसांना धान्य, त्या धान्याला आणखी बैल. आणि हे सारे बोरघाटाच्या एका अरुंद वाटेने, जिच्यावर तोफांसाठी रस्ता आधी कोरून काढावा लागणार होता. फौजेचा मुखत्यार एक माणूस नसून समिती होती: कर्नल एजर्टन, जॉन कारनॅक आणि पुण्याच्या दरबाराची खडान्‌खडा माहिती असलेला टॉमस मॉस्टिन. यांतला मॉस्टिन आरंभीच आजारी पडून मुंबईस परतला आणि १७७९ च्या पहिल्याच दिवशी वारला. एजर्टन प्रकृतीने खचलेला, युद्धाचा त्याचा अनुभव युरोपातला. कारनॅकला मानपानाचा हव्यास. लष्करी अधिकाऱ्याने हुकूम द्यावा की समितीने ठराव करावा याचा निकाल घाट चढेपर्यंत लागला नव्हता.

या सगळ्या गोंधळात एक माणूस तेवढा वेळेवर चालत होता. कप्तान स्ट्युअर्ट ग्रेनेडियरांच्या सहा कंपन्या घेऊन पुढे आला आणि नोव्हेंबर सरण्यापूर्वीच त्याने विनाविरोध घाटमाथा व्यापला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो वर आणि मुख्य फौज खाली, रस्ता करीत आणि बैल मोजीत. २३ डिसेंबरला सारी फौज खंडाळ्यास जमली. तेथून दोन भाग करून ती निघाली ती दिवसाला पाऊण मैल या वेगाने, असे की खंडाळा ते कार्ले हे आठ मैलांचे अंतर तुटायला अकरा दिवस गेले. दिवसाला पाऊण मैल म्हणजे मावळातल्या एका गावठाणाच्या या वेशीपासून फार तर शेजारच्या शेतवाडीपर्यंत. शत्रूने रोखून धरले म्हणून हे घडले असते तर समजण्यासारखे होते. परंतु मराठ्यांनी या दिवसांत मोठी लढाई दिलीच नाही.

मराठ्यांच्या मसलतीतले शहाणपण इथे आहे. महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांची प्रचंड फौज जमली होती, आणि तुकोजींचा कल दादासाहेबांकडे असल्याचा संशय नानांच्या मनातून गेला नव्हता. तरीही कारभाऱ्यांनी एका दिवसात निकाल लावण्याचा मोह टाळला. पुढची गावे उठवावी, दाणागोटा व चारा हलवावा किंवा जाळावा, भिवराव पानश्यांच्या तोफखान्याने लांबून मारा करीत राहावे, स्वारांच्या टोळ्यांनी बैलांना आणि पाणवठ्यांना उपद्रव द्यावा, आणि फौज जितकी आत येईल तितकी येऊ द्यावी, असा हा बेत होता. तळेगाव जाळण्याची आणि वेळ पडल्यास चिंचवड व खुद्द पुणेही जाळण्याची तयारी ठेवलेली होती. या जाळपोळीची किंमत मावळच्या कुणब्याने भरली, आणि विजयाच्या आनंदात ती मोजण्याची आठवण इतिहासकारांना क्वचितच राहते. रब्बीचा हंगाम, हरभरा-गहू शेतात उभा, आणि अशा वेळी गुरेढोरे, पोरेबाळे घेऊन डोंगरातल्या वाड्यावस्त्यांचा आसरा घ्यायचा. मागे राहिलेल्या घराचे काय होणार हे आपल्याच सरकारच्या हातात.

३१ डिसेंबरला कर्नल के हा चांगला अधिकारी प्राणांतिक जखमी झाला. ४ जानेवारीला फौज कार्ल्याला पोहोचली आणि त्याच दिवशी स्ट्युअर्ट पडला. मावळात सांगतात की, मराठ्यांचा तळ न्याहाळण्यासाठी तो दुर्बीण घेऊन झाडावर चढला होता, आणि पानश्यांच्या गोलंदाजाने तोफ रोखून त्याला तेथेच टिपले. झाडाची गोष्ट खरी की मागाहून रचलेली यावर आम्हा मंडळींत मतभेद आहेत. मला ती स्वभावाला धरून वाटते. सारी फौज ज्या वेळी रांगत होती त्या वेळी पुढचे पाहावेसे वाटणारा आणि त्यासाठी सर्वांत उघड्या जागी जाऊन बसणारा तोच एक होता, आणि ज्यांनी नेम धरला त्यांनाही हा माणूस कोण हे ठाऊक होते. महिनाभर घाटमाथ्यावर ठाण मांडून बसलेल्या त्या कप्तानाची शिस्त, त्याचे धाडस, त्याची घोड्यावरची ऐट मावळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. समितीतल्या मुखत्यारांची नावे आज वडगावात कोणाला विचारली तर आठवणार नाहीत. इष्टुरचे नाव पोरांनाही ठाऊक आहे.

दोन दिवसांनी एजर्टनने आजारपणामुळे अधिकार सोडला आणि तो लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे आला. ९ जानेवारीला फौज दाभाड्यांच्या तळेगावात शिरली तो गाव जळून ओस पडलेले. येथे पुणे अठरा मैलांवर राहिले होते, आणि फौजेपाशी अठरा दिवसांचे धान्य होते. दादासाहेबांना येऊन मिळतील म्हणून ज्यांच्या नावांच्या याद्या केल्या होत्या त्या मराठा सरदारांपैकी कोणीही आला नव्हता. पुढे जाण्याची वाट अजून बंद नव्हती. खुद्द दादासाहेब परत फिरण्याच्या विरुद्ध होते. तरी ११ जानेवारीला समितीने माघारीचा निर्णय घेतला आणि रात्री अकराच्या सुमारास जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून, उरलेले सामान पेटवून देऊन, फौज गुपचूप निघाली. सामान पेटविल्याने त्या काळोखात गुपित राहण्यासारखे काहीच उरले नाही. जो बारदाना वाहण्यासाठी महिना घालविला तो असा एका रात्रीत पाण्यात आणि आगीत गेला. फ्रँकलिनच्या माणसांनी आपली होडी जशी अखेर बर्फावर सोडली तशीच ही गत, भेद एवढाच की येथे दहा-बारा कोसांवर घाट होता आणि घाटाखाली आपला समुद्र.

मध्यरात्र उलटून दोन वाजले असतील नसतील तोच आघाडीवर गोळ्या पडू लागल्या, आणि पाहता पाहता पिछाडीही घेरली गेली. पिछाडीला कप्तान जेम्स हार्टली होता. त्या रात्रीपासून १२ तारखेच्या दुपारपर्यंत महादजींच्या स्वारांची निवडक पथके पुनःपुन्हा चढाई करीत होती आणि हार्टलीचे शिपाई थोडे मागे, पुन्हा उभे, पुन्हा थोडे मागे अशा रीतीने त्यांना थोपवीत होते. मागे सरण्याचे हुकूम वरून येत होते आणि ते मानले तर सारी फौज कापली जाईल हे ओळखून त्याने ते लगोलग मानले नाहीत. तळेगाव ते वडगाव हे अंतर आज चालत तासा-दीड तासाचे आहे. त्या माणसांना त्यासाठी एक रात्र आणि बहुतेक एक दिवस खर्ची घालावा लागला. सायंकाळच्या सुमारास फौज वडगावात शिरली ती सैनिक, बाजारबुणगे आणि जनावरे यांची एकच दाटी होऊन. मोजदाद केली तेव्हा ठार, जखमी व बेपत्ता मिळून ३५२ माणसे गेलेली आणि त्यांत पंधरा युरोपीय अधिकारी होते. दुसऱ्या दिवशी गावावर तोफा सुरू झाल्या. हार्टलीने बाहेर पडण्याची योजना मांडली. कॉकबर्नने ती अशक्य ठरविली.

१३ जानेवारीला समितीचा चिटणीस फार्मर याला मराठ्यांच्या तळावर धाडले. पहिली मागणी रघुनाथरावांना स्वाधीन करण्याची झाली. ते आधीच महादजींकडे जाण्याचे मनाशी ठरवून बसले होते आणि गेलेही. मग तह करण्याचा आपणांस अधिकारच नाही असे समितीने कळविले, तेव्हा महादजींनी विचारले की, मग अप्टनचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला होता तो दाखवा. या प्रश्नाला उत्तर नव्हते. १६-१७ जानेवारीला झालेल्या तहनाम्याने १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख, साष्टीसह, परत द्यावयाचा, बंगालची फौज माघारी धाडावयाची, भडोचचा इंग्रजांचा हिस्सा महादजींना द्यावयाचा आणि त्यांच्या लोकांना ४१,००० रुपयांची बक्षिसी द्यावयाची, असे ठरले. फार्मर आणि एक लेफ्टनंट स्ट्युअर्ट, हा दुसराच, ओलीस राहिले. कारनॅकने सही केली ती मोडण्याच्या इराद्यानेच. घाट उतरताच गॉडर्डला पाठविलेला परतीचा हुकूम समितीने फिरविला. मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तह नाकारला, एजर्टन, कॉकबर्न आणि कारनॅक कंपनीच्या चाकरीतून बरतर्फ झाले, हार्टलीला बढती मिळाली. पराभवाच्या हकिकतीत इतका न्याय क्वचित होतो. मराठ्यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट मला सलत राहते: हातात आलेली फौज शब्दावर सोडून देण्यात महादजींची उदारता होती की नानांना डावलून इंग्रजांशी स्वतंत्र संबंध जोडण्याची आकांक्षा, याचा विचार केला तर दुसरे कारण अधिक वजनाचे दिसते. दादासाहेबही बुंदेलखंडाच्या वाटेवर नर्मदेपाशी पहारा चुकवून निसटले आणि गॉडर्डला जाऊन मिळाले. युद्ध पुन्हा पेटले. १७८१ च्या फेब्रुवारीत खुद्द गॉडर्ड याच बोरघाटाच्या माथ्यावर आला, त्याला पुढे पाऊल टाकता आले नाही, आणि एप्रिलात पनवेलीस परतताना त्याचीही साडेचारशेच्या वर माणसे कामी आली वा जायबंदी झाली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने हा कलह मिटला, आणि तो मिटविणारे मध्यस्थ महादजीच होते.

इष्टुर फाकड्याला देवपण देण्यात मावळच्या लोकांचे मन दिसते, आणि त्याविषयी मला अभिमान आहे. परंतु वडगावच्या वाटेवर हार्टलीच्या पिछाडीत पडलेली बहुसंख्य माणसे गोरी नव्हती. मुंबईच्या पलटणीतले शिपाई बऱ्याच अंशी कोकणातले, म्हणजे आपल्याच भाषेत आईला हाक मारणारे. समोरच्या फौजेतूनही त्याच भाषेत फितुरीचे निरोप येत होते, तरी मिठाला जागून ते रात्रभर उभे राहिले. समोरून चढाई करणाऱ्या मराठा पथकांतही माणसे पडली. या दोन्ही बाजूंच्या मृतांना समाधी नाही, बिरुद नाही, पोरांच्या तोंडी नाव नाही. आमच्यातल्या नादिष्टांनी आता कप्तानाच्या झाडाचा वाद बाजूला ठेवून त्यांच्यामागे लागावे असे मला वाटते. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि लंडनला ब्रिटिश ग्रंथालयात ठेवलेली मुंबई सरकारची लष्करी कागदपत्रे या दोहोंत त्या वर्षीच्या हिशेबाचे कागद आहेत. जखमीला दिलेले बक्षीस, मेलेल्याच्या घराला दिलेला बालपरवेशीचा ऐवज, जळालेल्या गावाला दिलेली सूट अशा नोंदी पेशवाईच्या दफ्तरात नेहमी सापडतात. मोडी वाचणारे दोघे-तिघे आणि इंग्रजी दफ्तर चाळणारा एखादा असे एकत्र बसले, तर गावनिहाय यादी करायला आरंभ होईल, आणि तो तळेगाव, वडगाव, कार्ले, खंडाळा या चार गावांच्या नोंदींपासून करावा.